आडवे होण्याची किंमत

सांगलीच्या हळद बाजारात चाळीस वर्षे अडत दुकान चालवून निवृत्त झालेल्या अण्णांच्या घरी दिवाळीच्या सुमारास एक प्रश्न आला आणि दोन आठवडे मुक्काम ठोकून राहिला. धाकटा मुलगा अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात नोकरीला आहे. सूनबाईंचे बाळंतपण डिसेंबरात होते. त्यासाठी अण्णा आणि माई यांनी नोव्हेंबरअखेर तिकडे जावे असे ठरले होते. मुलाने फोनवर सांगितले, "अण्णा, या वेळी बिझनेस क्लासनं या. माईच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया होऊन वर्षच झालंय. तिकिटं मीच काढतो."

अण्णांनी तिकिटाचा आकडा ऐकला आणि चष्मा काढून ठेवला. "बसूनच यायचं ना? पुढं बसलं काय आणि मागं बसलं काय, विमान सगळ्यांना एकाच वेळी उतरवतं. त्या पैशात सांगलीत एखाद्या मुलाचं वर्षाचं शिक्षण होतं."

माईंना विचारले, तेव्हा त्यांनी नेहमीचे उत्तर दिले, "मला कसंही चालेल."

असा प्रसंग आज अनेक घरांत येतो. मुले परदेशी आहेत, आई-वडील सत्तरीत आहेत. पैसा अगदीच नाही असे नाही, पण तो एकेक रुपया मोजून साठवलेला आहे. मुलांच्या दृष्टीने तिकीट म्हणजे कृतज्ञता, वडिलांच्या दृष्टीने उधळपट्टी. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात आणि म्हणूनच वाद मिटत नाही. अण्णांच्या घरचा वाद मिटला तो त्यांच्या कन्येमुळे. ती पुण्यात चार्टर्ड अकाउंटंट आहे. दिवाळीला माहेरी आली असताना तिने एक कोरी वही घेतली आणि म्हणाली, "अण्णा, दुकानात तुम्ही कधी न मोजता सौदा केला नाही. मग हाही मोजून करू या."

तिने आरंभ केला तो नावापासून. बिझनेस क्लास हे नावच सांगते की तो मुळात कुणासाठी निघाला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सवलतीच्या तिकिटांचे पेव फुटले. तेव्हा पूर्ण भाडे भरणारे, म्हणजे बहुतांशी कंपन्यांच्या खर्चाने फिरणारे प्रवासी तक्रार करू लागले की, स्वस्त तिकीटवाल्याच्या शेजारी बसायचे तर आम्ही पूर्ण भाडे का भरावे? त्यांच्यासाठी वेगळा कक्ष निघाला. अमेरिकेच्या पॅन ॲमने १९७८ मध्ये 'क्लिपर क्लास' सुरू केला, ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने १९७९ मध्ये 'बिझनेस क्लास' हे नाव वापरले. त्या काळी तिथेही खुर्चीच होती, जरा ऐसपैस एवढेच. पूर्ण सपाट होणारी शय्या या वर्गात आली ती २००० साली, ब्रिटिश एअरवेजच्या विमानांत. तेव्हापासून या वर्गात विकली जाणारी मुख्य वस्तू खुर्ची राहिली नाही, झोप झाली. भाडे मात्र अजूनही कंपनीच्या खिशाकडे पाहूनच ठरते. तेव्हा घरखर्चातून ते द्यायचे असेल, तर घराच्या मापाने मोजावे लागते.

मग तिने वहीच्या डाव्या बाजूला या भाड्यात काय काय मिळते त्याची यादी केली. सपाट शय्या. उत्तम जेवण. मद्य. विमानतळावरील विश्रामकक्ष. जास्त सामान. रांगेत अग्रक्रम. उजव्या बाजूला तिने लिहिले, 'माईला याचा उपयोग किती?'

मद्यावर लगेच काट बसली. जेवणाचे पाहू गेल्यास माईंचा रात्रिभोजनत्यागाचा नियम आहे. पाणी घेतात, अन्न नाही. मुंबईहून न्यूयॉर्ककडे जाणारे, त्यांनी निवडलेले विमान मध्यरात्रीनंतर निघत होते. त्या वेळी चांदीच्या तबकात वाढले काय आणि कागदी डब्यात दिले काय, माईंना सारखेच. शिवाय जैन भोजन इकॉनॉमीतही आगाऊ नोंदवता येते, त्यासाठी वेगळे भाडे द्यावे लागत नाही. कंदमूळविरहित जेवणाची नोंद तिकीट काढतानाच करावी आणि प्रवासाच्या दोन दिवस आधी पुन्हा खात्री करून घ्यावी, एवढेच. माई तर दशम्या आणि खाकरे बरोबर नेणारच होत्या. जेवणावरही काट बसली.

विश्रामकक्ष दोन-तीन तासांचा, त्याचा उपयोग थोडा. सामानाची गरज बाळाच्या कपड्यांपुरती. रांगेतील अग्रक्रमाचे काम चाकाच्या खुर्चीने भागते. ती मदत आधी कळवून ठेवली की मिळते आणि तिचा तिकिटाच्या वर्गाशी संबंध नसतो. यादीत उरली ती एकच गोष्ट, शय्या.

"म्हणजे सगळं भाडं त्या एका गादीचं," अण्णा म्हणाले.

"होय," कन्या म्हणाली. "आता गादीचा भाव काढू."

विमानभाडे रोज बदलते, म्हणून तिने केवळ हिशेब समजावा यासाठी त्या दिवशी दिसलेले आकडे गोळाबेरीज करून घेतले. जाण्यायेण्याचे एका माणसाचे भाडे इकॉनॉमीत १,१०,००० रुपये, प्रीमियम इकॉनॉमीत १,८०,००० आणि बिझनेसमध्ये ३,६०,०००. इकॉनॉमी आणि बिझनेस यांतील फरक माणशी अडीच लाख, दोघांचा पाच लाख. मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमानाला सुमारे सोळा तास लागतात, म्हणजे जाऊन-येऊन बत्तीस. अडीच लाखांना बत्तिसाने भागले की तासाला सुमारे ७,८०० रुपये पडतात. पण सोळाही तास कुणी झोपत नाही. एका बाजूच्या प्रवासात सात तासांची झोप धरली, तर सव्वा लाखाच्या फरकात झोपेचा एक तास सुमारे १७,९०० रुपयांना पडतो. अण्णांनी हा आकडा दोनदा वाचला. "पाच लाख सात टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाला पस्तीस हजार व्याज येतं," ते म्हणाले. ते खोटे नव्हते.

कराचाही भाग होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीखेरीज इतर वर्गांच्या विमानभाड्यावरील जीएसटी बारा टक्क्यांवरून अठरा टक्के झाला. इकॉनॉमीचा पाच टक्केच राहिला. मूळ भाडे एक लाख असेल, तर एकीकडे कर ५,००० आणि दुसरीकडे १८,०००. व्यवसायासाठी प्रवास करणाऱ्या नोंदणीकृत पेढीला नियमांनुसार या कराची वजावट मिळू शकते. निवृत्त माणसाला ती नाही. त्याच्यासाठी अठरा टक्के म्हणजे पूर्ण अठरा टक्के.

अण्णांनी आपल्या बाजूने आणखी एक मुद्दा मांडला. "एकजण आडवा झोपणार म्हणजे तीन माणसांची जागा खाणार." त्यांचा अंदाज फारसा चुकीचा नव्हता. मोठ्या बोइंग ७७७ विमानात इकॉनॉमीच्या एका ओळीत बहुधा दहा खुर्च्या असतात. बिझनेसच्या नव्या रचनेत तिथे चारच असतात आणि लांबीही जास्त लागते. याच कारणाने ब्रिटिश सरकारच्या कार्बन हिशेबात लांब पल्ल्याच्या बिझनेस प्रवाशाच्या नावे इकॉनॉमी प्रवाशाच्या सुमारे २.९ पट उत्सर्जन धरले जाते. गरजेपेक्षा जास्त जागा व्यापू नये, हे अण्णांचे म्हणणे कन्येने वहीत जसेच्या तसे उतरवले. त्यातील 'गरजेपेक्षा' या शब्दाखाली तिने रेघ ओढली.

आता प्रश्न राहिला गरजेचा. त्याआधी बिझनेस क्लासने काय होत नाही, हेही तिने लिहिले. विमानातील हवा सर्वांना एकच. आतला दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरील डोंगरावर असावा तसा असतो आणि हवा अतिशय कोरडी असते. तोंड कोरडे पडते ते पुढच्या कक्षातही आणि मागच्याही. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या मागे साडेदहा तास असते. दिवस-रात्रीची ही उलथापालथ शरीराला पचवावीच लागते, गादीने ती टळत नाही.

पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याच्या भीतीबद्दलही घरात बरेच बोलले गेले होते. या विकाराला पूर्वी 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' असे नावच पडले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाचा निष्कर्ष असा की, चार तासांहून अधिक काळ न हलता बसून प्रवास केल्यास ही जोखीम सुमारे दुप्पट होते, तरी प्रत्यक्षात ती सुमारे सहा हजारांत एक इतकी कमी असते. आणि हे विमानापुरते नाही. रेल्वे, बस, मोटार, सगळीकडे तेच. दोष खुर्चीच्या वर्गाचा नाही, न हलण्याचा आहे. दर तासा-दीड तासाने उठणे, पावलांची हालचाल करणे, पुरेसे पाणी पिणे हे उपाय कुठल्याही वर्गात फुकट आहेत. ज्यांना पूर्वी असा त्रास झाला आहे किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच निघावे.

इथवर वहीचे पान अण्णांच्या बाजूने झुकले होते. त्यांनी समाधानाने सुपारीचा डबा उघडला आणि म्हणाले, "बघ. चार वर्षांपूर्वी आम्ही गेलो तेव्हा काय झालं होतं? काही नाही. सोळा तास कसे गेले कळलंसुद्धा नाही. मी तर सगळ्यांना सांगतो, मागच्या वर्गात काही त्रास नसतो."

कन्येने माईंकडे पाहिले. "माई, तू किती वेळा उठलीस त्या प्रवासात?"

माई वाती वळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "एकदा. उतरायच्या आधी."

"सोळा तासांत एकदा?"

"यांची खुर्ची वाटेकडची, माझी आतली. यांना झोप छान लागली होती. उठवायचं जिवावर आलं. म्हणून पाणीच प्यायले नाही. पाणी नाही प्यायलं की उठावं लागत नाही."

कन्येने पेन खाली ठेवले. "आणि पायांचं?"

"सुजले होते. चार दिवस चप्पल चढेना. तिकडं थंडी होती, मोजे घातले होते, कुणाला दिसलं नाही. सांगून काय करायचं? नातू बघायला गेलो होतो ना."

बराच वेळ कुणी बोलले नाही. अण्णांनी सुपारीचा डबा मिटला. चार वर्षे ते सांगलीभर सांगत होते की, मागच्या वर्गात काही त्रास नसतो. त्यांच्या बाबतीत ते खरेच होते. त्रास शेजारच्या खुर्चीत बसला होता आणि त्यांची झोप मोडू नये म्हणून गप्प होता.

या एका उत्तराने हिशेबाचे पान उलटले. तोवरचे सर्व आकडे बरोबरच होते. पण काटकसर करणारा एक आणि तिची किंमत देणारा दुसरा, ही नोंद वहीत कुठेच नव्हती. स्वतः अर्धपोटी राहून शिल्लक टाकणाऱ्याला काटकसरी म्हणता येते. तीच शिल्लक दुसऱ्याच्या सुजलेल्या पायांतून निघत असेल, तर तिला वेगळे नाव द्यावे लागते. आपल्या घरांतून 'मला कसंही चालेल' हे वाक्य फार सहज उच्चारले जाते आणि त्याहून सहज खरे मानले जाते. ते संमतिपत्र समजून जमेच्या बाजूला लिहिणे ही हिशेबातील चूक होय.

तरीही कन्येने भावनेच्या भरात पाच लाखांचे तिकीट काढले नाही. तिने माईंच्या उत्तराचे दोन भाग केले. पहिला भाग पाणी आणि उठणे. याला गादी लागत नाही, वाटेकडची खुर्ची लागते. ती आगाऊ निवडण्याचे शुल्क लागलेच, तर भाड्याच्या मानाने किरकोळ असते. दोघांनी शेजारी शेजारी बसण्याऐवजी मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या घेतल्या, तर कुणालाही कुणाला न उठवता उठता येते आणि हात लांब केला की सोबतही राहते. चार वर्षांपूर्वी एवढे सुचले असते, तर माईंचा अर्धा त्रास जवळजवळ फुकटात टळला असता.

दुसरा भाग गुडघ्यांचा आणि दुसऱ्या दिवसाचा. इकॉनॉमीत एका खुर्चीपासून पुढच्या खुर्चीचे अंतर साधारण एकतीस-बत्तीस इंच असते, प्रीमियम इकॉनॉमीत अडतीसच्या आसपास. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी देताना सांगितले होते की, गुडघे फार वेळ एकाच स्थितीत वाकवून ठेवू नका, पाय लांब करून झोपता आले तर उत्तम. शिवाय माई पाहुण्या म्हणून जात नव्हत्या. उतरल्या दिवसापासून त्यांच्यावर घर पडणार होते. सकाळी पोहोचायचे आणि संध्याकाळी स्वयंपाकघर हातात घ्यायचे. दिवस भरत आलेली सून, थोरला नातू, बर्फाचे दिवस. त्या आठवड्यात माईंनी अंथरूण धरले असते, तर जाण्याचा हेतूच उरला नसता.

परतीचे तसे नव्हते. निवडलेले विमान तिकडून दुपारी निघणारे. घरी आल्यावर माई आठ दिवस पडून राहिल्या, तरी कुणाचे काम अडणार नव्हते. म्हणजे गादीची गरज जाताना होती, येताना नव्हती. एकाच तिकिटावर जाताना एक वर्ग आणि येताना दुसरा घेता येतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. जाताना बिझनेस आणि येताना प्रीमियम इकॉनॉमी घेतल्यास वरखर्च माणशी १,२५,००० अधिक ३५,०००, म्हणजे १,६०,०००.

अण्णा लगेच म्हणाले, "मग जाताना तिचं पुढं काढा. मी मागं बसतो. मला कुठंही झोप लागते, हे आता सिद्धच झालंय."

माई पहिल्यांदाच ठामपणे बोलल्या, "मी एकटी पुढं बसणार नाही. ती गादी कशी उघडायची, कुणाला काय सांगायचं, मला जमायचं नाही. तुम्ही मागं आणि मी पुढं, तर मला झोपच यायची नाही."

कन्येने तोही खर्च लिहिला, पण वेगळ्या शीर्षाखाली. माईंच्या तिकिटाचा वरखर्च 'आरोग्य' या सदरात, अण्णांचा 'सोबत' या सदरात. "अण्णा, तुमच्या शरीराला याची गरज नाही, हे मान्य. तुमचं तिकीट माईसाठीच आहे," ती म्हणाली. असे लिहिल्यावर अण्णांचा विरोध मावळला. खर्चाने ते सहसा अस्वस्थ होत नसत, त्याचे सदर सापडले नाही की होत. दोघांचा वरखर्च ३,२०,००० झाला. पाच लाखांपेक्षा १,८०,००० रुपये कमी. मुलाने सर्व देऊ केले होते, पण अण्णांनी माईंच्या तिकिटाचा वरखर्च स्वतःच्या त्या महिन्यात मुदत पुरी झालेल्या ठेवीतून दिला. कर्ज काढून किंवा मुदतीपूर्वी ठेव मोडून असा प्रवास करू नये, हा त्यांचा आग्रह सर्वांनी मानला.

तिकीट काढण्यापूर्वी दोन-तीन वाटा तपासल्या गेल्या, त्या इतरांनाही उपयोगी पडतील.

एक वाट बोलीची. अनेक विमान कंपन्या इकॉनॉमीचे तिकीट काढलेल्यांना वरच्या वर्गातील रिकाम्या जागेसाठी बोली लावू देतात. बोली मान्य झाली तरच पैसे जातात. हळदीच्या सौद्यांत आयुष्य गेलेल्या अण्णांना ही कल्पना फारच आवडली. परंतु निकाल बहुधा प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी कळतो. मिळाले तर बरे, अशा वृत्तीच्या तरुण प्रवाशाला ही वाट चांगली. ज्याला झोपण्याची गरजच आहे, त्याने तिच्यावर विसंबू नये. बोलीतून वर्ग बदलला, तर आधी नोंदवलेले जैन भोजन पुढच्या कक्षात पोहोचेल की नाही, हेही पुन्हा विचारून घ्यावे लागते.

दुसरी वाट क्रेडिट कार्डाच्या गुणांची. नेहमीच्याच खर्चातून गुण साठले असतील आणि दरमहा पूर्ण बिल फेडले जात असेल, तर ते लांबच्या प्रवासासाठी वापरणे शहाणपणाचे. गुण मिळावेत म्हणून खरेदी वाढवणे मात्र घातक. थकलेल्या बिलावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे सरळ हिशेबाने वर्षाला बेचाळीस टक्के. त्या दराने कुठलीच गादी स्वस्त पडत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती तिकीटविक्रेते आपणहून सांगत नाहीत. बिझनेस क्लास हे नाव एकच असले, तरी विमानागणिक खुर्ची वेगळी असते. काही जुन्या विमानांत ती पूर्ण सपाट न होता उतरती होते, झोपणारा रात्रभर खाली घसरत राहतो. काहींत ओळीत दोन-दोन-दोन अशा खुर्च्या असतात. तिथे खिडकीकडच्या प्रवाशाला उठायचे असल्यास शेजाऱ्याचे पाय ओलांडूनच बाहेर पडावे लागते. म्हणजे तिप्पट भाडे देऊनही माईंपुढे चार वर्षांपूर्वीचीच अडचण उभी राहिली असती. एक-दोन-एक अशी रचना असेल, तर प्रत्येकाला थेट वाट मिळते आणि मधल्या दोन खुर्च्या जोडप्याला सोयीच्या पडतात. म्हणून पैसे भरण्यापूर्वी त्या विमानाचा आसननकाशा पाहावा. कन्येने तो पाहिला आणि त्यासाठी प्रवासाची तारीख दोन दिवस पुढे घेतली.

यावरून सर्वांनी पुढच्या वर्गानेच जावे, असा अर्थ कुणी काढू नये. मुंबई-दुबई हा तीन तासांचा प्रवास. तिथे गादी उलगडेपर्यंत उतरण्याची सूचना होते. दुबईमार्गे न्यूयॉर्कला जाणाऱ्याने वरचा वर्ग घ्यायचाच असेल, तर पुढच्या सुमारे चौदा तासांच्या टप्प्यासाठी घ्यावा. लंडनला दिवसा जाणाऱ्या विमानात दहा तास बसून पुस्तक वाचता येते. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा शिक्षणाचे कर्ज डोक्यावर घेऊन पहिल्या नोकरीला निघाला असेल, तर त्याने वाटेकडची खुर्ची घ्यावी आणि फरकाच्या रकमेतून कर्जाचे हप्ते आधी फेडावेत. त्याचे गुडघे त्याला क्षमा करतील. उलट, उतरल्याबरोबर महत्त्वाच्या वाटाघाटीस बसायचे आहे आणि तिकीट पेढीच्या खर्चात आहे, त्या व्यापाऱ्याला ती झोप स्वस्तच पडते. आणि शेजाऱ्यांचे चिरंजीव आपल्या आई-वडिलांना पुढच्या वर्गाने नेतात, एवढ्याच कारणासाठी जो जातो, त्याच्या हिशेबाला कुठलेच सदर नसते.

शेवटी प्रत्येक घराने विचारायचे प्रश्न मोजकेच आहेत. प्रवास रात्रीचा आहे का? झोपण्याची गरज कुणाच्या शरीराला आहे, आणि जाताना की येताना? उतरल्यावर त्या माणसाला काय करायचे आहे? पैसा कुठल्या खात्यातून येणार आहे? आणि हे सगळे विचारण्याआधी, जो माणूस 'मला कसंही चालेल' म्हणतो, त्याला एकट्याला बाजूला घेऊन मागचा प्रवास कसा झाला, ते विचारावे.

नोव्हेंबरच्या अखेरीस दोघे गेले. माई सहा तास झोपल्या. अण्णांना मात्र नव्या जागी झोप लागली नाही. ते अधूनमधून उठून शेजारी डोकावत राहिले. पोहोचल्यावर कन्येचा फोन आला, तेव्हा माई तिकडच्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. पाय कसे आहेत, असे तिने विचारले.

"चप्पल चढली," माई म्हणाल्या. मग आवाज जरा खाली आणून सांगितले, "आणि ऐक, रात्रीतून चार वेळा पाणी मागून घेतलं."